हात जिथे सहज जातो : अभिजात स्पोर्ट्‌स मोटारींतील गिअरचा दांडा आणि चालकाची बैठक



मराठी साहित्याच्या अध्यापनात आयुष्य घालवलेल्या मनुष्याने स्मृतिव्याख्यानासाठी मोटारीतील गिअरच्या दांड्याचा विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु हा विषय यंत्राइतकाच शरीराचा आहे आणि शरीराइतकाच सवयीचा आहे. सवयीविषयी आपली भाषा पुष्कळ जाणते. एखादे काम साधले की आपण ‘हात बसला’ म्हणतो, ते नित्याचे झाले की ‘अंगवळणी पडले’ म्हणतो. मात्र हात बसायचा तर त्याला बसण्याजोगी जागा मिळावी लागते. ती जागा कोणी ठरवली, कशाच्या आधारे ठरवली, आणि ती चुकीची ठरली तर शरीराने यंत्राशी जुळवून घ्यायचे की यंत्राने शरीराशी, हाच आजच्या विवेचनाचा गाभा आहे.

‘अभिजात स्पोर्ट्‌स मोटार’ म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट करू. साधारणपणे पहिल्या महायुद्धानंतरच्या काळापासून १९७० च्या दशकापर्यंत बनलेल्या, बहुधा दोनच आसनांच्या, प्रवाशांच्या सोयीपेक्षा चालवण्याच्या आनंदासाठी बांधलेल्या गाड्या येथे अभिप्रेत आहेत. या गाड्यांत गिअर बदलणे हे क्षणोक्षणी करावे लागणारे काम होते. वळण आले, चढ आला, पुढची गाडी मंदावली, की हात सुकाणूचक्रावरून दांड्यावर आणि दांड्यावरून पुन्हा चक्रावर जायचा. डोंगरी रस्त्यावर तासाभरात ही क्रिया शेकडो वेळा घडते. म्हणून दांडा दोन-तीन इंच पुढे आहे की मागे, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही.

आरंभीच्या काळाकडे पाहू. फ्रान्समधील पानार्द-लव्हासोर या कारखान्याने १८९१ च्या सुमारास एक मांडणी रूढ केली. इंजिन पुढे, त्यामागे क्लच, त्यामागे गिअरची पेटी आणि गती मागच्या चाकांना, असा तिचा क्रम होता. पुढील कित्येक दशके बहुसंख्य मोटारी याच मांडणीने बांधल्या गेल्या. गिअरच्या पेटीची जागा अशा रीतीने यंत्राच्या सोयीने ठरली आणि दांड्याने पेटीचा पाठलाग केला. प्रारंभीच्या अनेक गाड्यांत दांडा चालकाच्या उजव्या हाताला, हातब्रेकच्या शेजारी असे. १९२० च्या दशकातील बेंटली थ्री लिटर किंवा १९२४ ची बुगाटी टाइप ३५ या विख्यात गाड्यांत चालक उजवीकडे बसे आणि गिअरही उजव्याच हाताने बदले. बहुतेकांचा उजवा हात अधिक समर्थ, शिवाय मधली जागा मोकळी राही. या रचनेत अडचणही होती, कारण उजवीकडचे दार उघडून आत शिरताना दांडा पायात येई. शिवाय पेटीपासून कडेपर्यंत आडवा दंड न्यावा लागे. दांडा सरळ पेटीच्या झाकणावर बसवणे सोपे आणि स्वस्त होते, म्हणून हळूहळू तो मध्यभागी आला. तथापि परंपरा सहजासहजी सुटत नाही. १९५० च्या दशकातील बेंटलीच्या आर-टाइप गाड्यांतही उजव्या बाजूने चालवायच्या नमुन्यांत दांडा चालकाच्या उजवीकडेच होता.

त्या काळच्या गिअर बदलण्यात बळापेक्षा कौशल्य अधिक लागे. पेटीतील दंतचक्रे वेगवेगळ्या वेगाने फिरत असताना ती एकमेकांत अडकवायची, तर आधी त्यांचे वेग जुळावे लागतात. त्यासाठी चालक क्लच दाबून गिअर सोडी, क्लच सोडून ॲक्सिलरेटरने इंजिनाचा वेग जुळवी, पुन्हा क्लच दाबी आणि मग दांडा पुढच्या घरात सरकवी. यातील चूक कानाला ताबडतोब कळे, कारण पेटी करकरत असे. हे वेग आपोआप जुळवणारी ‘सिंक्रोमेश’ रचना अमेरिकेतील कॅडिलॅकने १९२८ मध्ये प्रथम आणली. तोवर चालकाच्या तळव्याला दांड्यातून जी सूक्ष्म कंपने जाणवत, तीच त्याची मार्गदर्शक होती. खांदा ताणून, मनगट पिळून, अंग पुढे झुकवून हात नेला तर ही जाणीव बोथट होते. दांड्याची जागा आणि चालवण्यातील अचूकता यांचे नाते हे असे आहे.

येथे मराठी बोलीतील एक बारकावा पाहण्याजोगा आहे. आपण ‘गिअर टाकणे’ म्हणतो आणि ‘गिअर पडणे’ही म्हणतो. गॅरेजमधील कारागीर तक्रार ऐकून विचारतो, “दुसरा पडत नाही का?” ‘टाकणे’ सकर्मक, कर्त्याच्या प्रयत्नाचे क्रियापद, ‘पडणे’ अकर्मक, आपसूक घडणारे. उत्तम ठिकाणी बसवलेल्या, उत्तम जुळवलेल्या दांड्याने गिअर ‘पडतो’. वाईट ठिकाणच्या दांड्याने तो प्रत्येक वेळी ‘टाकावा लागतो’. चालकाच्या सुखाची याहून नेटकी व्याख्या मला तरी ठाऊक नाही.

आता यंत्राची बाजू पाहू. दांडा ही एक तरफ आहे. तिच्या टेकूच्या वर मूठ, खाली पेटीतील गिअर सरकवणारे टोक. समजा, टेकूपासून मूठ २० सेंटिमीटर वर आणि खालचे टोक ४ सेंटिमीटर खाली आहे. प्रमाण पाचास एक. खालचे टोक १ सेंटिमीटर सरकायचे असेल, तर मूठ ५ सेंटिमीटर सरकावी लागेल. आता दांडा आखूड करून वरची बाजू १६ सेंटिमीटर केली, तर मुठीचा प्रवास ४ सेंटिमीटरवर येईल. पण बळ सव्वापट लागेल. प्रवास वाचवला की जोर वाढतो, जोर वाचवला की प्रवास वाढतो. हौशी माणसे आखूड दांड्याला उत्तम दांडा समजतात. वास्तविक थंडीच्या सकाळी, पेटीतील तेल घट्ट असताना, आखूड दांडा मनगटाला चांगलाच जाणवतो.

दुसरा प्रश्न दांडा कोठून वर यावा हा. पुढे इंजिन असलेल्या लहान गाडीत पेटी चालकाच्या पायांच्या पातळीवर येते. तिच्या झाकणावर सरळ दांडा बसवला तर तो फार पुढे येतो, आणि मूठ हातापर्यंत आणण्यासाठी त्याला लांब, मागे वाकलेला करावा लागतो. ब्रिटिश कारखानदारांनी यावर वापरलेला तोडगा म्हणजे पेटीच्या मागे जोडलेला विस्तारभाग. त्यातील दंडाच्या साहाय्याने दांड्याचा टेकूच मागे, चालकाच्या मांडीशेजारी आणता येई. १९४५ ते १९४९ या काळात बनलेल्या एमजी टीसी या गाडीचा आखूड, हाताशी आलेला दांडा याच युक्तीचे फळ होय. १९५८ ची ऑस्टिन-हीली स्प्राइट तर ऑस्टिन ए-३५ या साध्या घरगुती मोटारीची पेटी घेऊन बनली. त्या पेटीला असा विस्तारभाग आधीच होता, म्हणून स्वस्त गाडीलाही सुखद दांडा लाभला.

याच घराण्यातील थोरल्या गाडीची कथा नेमकी उलट आहे. डोनाल्ड हीली यांनी १९५२ च्या लंडन प्रदर्शनात आपली देखणी गाडी मांडली. ऑस्टिनचे प्रमुख लिओनार्ड लॉर्ड यांना ती आवडली आणि १९५३ पासून ती ऑस्टिन-हीली १०० या नावाने बनू लागली. तिची पेटी ऑस्टिन ए-९० ॲटलांटिक या मोटारीची होती, आणि त्या मोटारीत दांडा सुकाणूच्या खांबावर असे. पेटीतील गिअर सरकवणारी जोडणी त्यामुळे वर नसून डाव्या कुशीला होती. परिणामी नव्या गाडीतील दांडा मधल्या बोगद्याच्या डाव्या कुशीतून बाहेर आला. ब्रिटनमधल्या, उजवीकडे बसणाऱ्या चालकाच्या दृष्टीने ही पलीकडची, शेजारच्या प्रवाशाकडची बाजू. म्हणून दांडा वाकवून अलीकडे आणावा लागला. पुढे हीली ३००० या गाडीत १९६१ च्या अखेरीस दांडा बोगद्याच्या मध्यावर आला. गाडीचे रूप निर्मात्याच्या स्वप्नातून आले होते, दांडा मात्र दुसऱ्या गाडीच्या गोदामातून आला होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

सुकाणूच्या खांबावरील दांडा आपल्या श्रोत्यांना नवा नाही. हिंदुस्थान ॲम्बॅसिडर आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी या दोन्ही गाड्यांत आपण तो दीर्घकाळ पाहिला. त्याचा लाभ उघड होता. हाताला फार दूर जावे लागत नसे आणि पुढच्या सलग आसनावर तिघे बसू शकत. पण खांबावरून पेटीपर्यंत जाणाऱ्या सांध्यांची साखळी लांब. ते झिजले की दांडा ताकातल्या रवीसारखा फिरतो आणि नेमका कोणता गिअर पडला हे कळत नाही. कुटुंबासाठी ती तडजोड रास्त होती. स्पोर्ट्‌स मोटारीला स्पष्टपणा हवा होता, म्हणून तिने जमिनीवरचा दांडा सहसा सोडला नाही.

इंजिन मागे गेले की प्रश्न आणखी बदलतो. १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आलेल्या पोर्शे ९११ मध्ये पेटी चालकाच्या पाठीमागे आहे. त्यामुळे दांडा कोठेही ठेवण्याची मुभा मिळाली, पण त्याची आज्ञा लांब दंडातून मागे पोहोचवावी लागली. दंडातील आधार झिजले की तीच रवी येथेही फिरू लागते. १९६० च्या दशकातील फोर्ड जीटी ४० या शर्यतीच्या गाडीत चालक उजवीकडे बसे आणि दांडाही त्याच्या उजव्या हाताला, दाराच्या कडेला असे. शेजारच्या रुंद उंबरठ्यात पेट्रोलच्या टाक्या होत्या. शर्यतीतला चालक दर थांब्याला एकदा आत शिरतो, त्याला ही अडचण खपते. परंतु रस्त्यावरील गिऱ्हाइकांसाठी त्याच गाडीचा तिसरा नमुना काढताना चालक डावीकडे आणि दांडा मध्यभागी आणण्यात आला.

सुख हे प्रसंगसापेक्ष असते, याचे आणखी स्पष्ट उदाहरण गिअरच्या घरांच्या मांडणीत सापडते. नेहमीच्या मांडणीत पहिला गिअर डावीकडे वर, दुसरा त्याखाली. काही वेगवान गाड्यांत पहिला डावीकडे खाली आणि दुसरा-तिसरा मधल्या सरळ रेषेत असत. कारण शर्यतीत पहिला गिअर केवळ सुरुवातीस लागतो, दुसऱ्या-तिसऱ्यातील ये-जा मात्र सतत चालते. ती सरळ रेषेत असली की हात चुकत नाही. आरंभीच्या पोर्शे ९११ मध्ये हीच मांडणी होती. शहराच्या गर्दीत मात्र पहिला-दुसरा हीच जोडी पुनःपुन्हा लागते आणि तेथे तोच दांडा त्रासाचा होतो. १९७२ च्या नमुन्यापासून पोर्शेने नव्या पेटीबरोबर रूढ मांडणी स्वीकारली.

दांड्याचा विचार बैठकीपासून वेगळा करता येत नाही. जग्वारची ई-टाइप १९६१ मध्ये आली तेव्हा तिच्या रूपाने जग मोहून गेले. पण पहिल्या गाड्यांचा तळ सपाट होता आणि उंच चालकाचे पाय अवघडत. १९६२ मध्ये पायांसाठी तळाला खोलगट जागा करण्यात आली. १९६४ मध्ये मोठ्या इंजिनाबरोबर अधिक चांगली आसने आणि सर्व पुढच्या गिअरांना सिंक्रोमेश असलेली पेटी आली. दांडा जवळपास तेथेच राहिला, पण चालकाचे पाय, पाठ आणि हाताला लागणारा जोर बदलला आणि तोच दांडा सुखाचा झाला.

येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. या गाड्या कोणाच्या मापाने बांधल्या गेल्या? माणूस आणि त्याचे काम यांचा मेळ घालणाऱ्या शास्त्राला इंग्लंडमध्ये १९४९ साली ‘एर्गोनॉमिक्स’ हे नाव रूढ झाले. हेन्री ड्रेफस या अमेरिकन रचनाकाराने १९५५ च्या आपल्या पुस्तकात ‘ज्यो’ आणि ‘जोसेफिन’ अशा दोन प्रातिनिधिक पुरुष-स्त्री आकृती मांडल्या. त्यापूर्वीच, १९५० च्या सुमारास, अमेरिकी हवाई दलातील गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने ४,०६३ वैमानिकांच्या मापांचा अभ्यास केला. दहा मापे घेऊन त्याने पाहिले की या सर्व मापांत ‘सरासरी’च्या जवळ बसणारे वैमानिक किती. उत्तर आले, एकही नाही. सरासरी माणसासाठी बांधलेले आसन प्रत्यक्षात कोणासाठीच बांधलेले नव्हते. यातून निघालेला बोध साधा आहे. एक माप शोधत बसू नये, आसन आणि पेडल सरकवता येतील अशी सोय ठेवावी.

क्वचित यंत्राला शरीरापुढे वाकावे लागले. १९६७ च्या ल मांस शर्यतीतील फोर्ड गाडीत उंचापुऱ्या डॅन गर्नीचे शिरस्त्राण छताला लागे, म्हणून छतावर खास फुगवटा काढण्यात आला. ए. जे. फॉइट याच्यासह गर्नीने ती शर्यत जिंकली. पण असे भाग्य सर्वांच्या वाट्याला येत नाही, राजांच्याही नाही. आपल्या इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (द्वितीय) यांच्यासाठी १९३० च्या दशकात अमेरिकेतील ड्यूसेनबर्गच्या सांगाड्यावर लंडनच्या गर्नी नटिंग यांनी गाडीचे अंग बांधले, हे येथील अनेकांना माहीत असेल. शिंप्याकडे माप देऊन शिवलेल्या अंगरख्यासारखी ही गाडी. तरीही अंग बांधणाऱ्या कारागिरांच्या हाती सांगाडा येई तो इंजिन, पेटी, पेडले यांसह. आसन हवे तेथे आणि हवे तसे करता येई, दांड्याचे मूळ स्थान मात्र पेटीने आधीच ठरवलेले असे.

आज हा प्रश्न पुन्हा कळीचा झाला आहे. या गाड्या जतन करणाऱ्यांपैकी पुष्कळजण आता माझ्या वयाचे किंवा त्याच्या जवळपासचे आहेत. खांदा आखडलेला, अंगठ्याच्या सांध्यात दुखणे, गुडघा पूर्वीसारखा वळत नाही. गाडी मूळ रूपात ठेवायची की आपल्या शरीराला साजेशी करायची, हा त्यांच्यापुढचा खरा पेच. दांड्यापर्यंत हात पोहोचत नाही म्हणून गाडी झाकून ठेवली, तर ती जतन झाली असे म्हणता येणार नाही. आणि पत्रा कापून दांडा हलवला, तर पुढच्या पिढीच्या हाती मूळ वस्तू पडणार नाही. हस्तलिखितांच्या संपादनात आम्ही एक नियम पाळतो. मूळ पाठ खोडायचा नाही, आपली दुरुस्ती समासात लिहायची. तोच नियम येथेही उपयोगी पडतो. जो बदल पुन्हा पूर्ववत करता येईल तोच करावा.

बदलाचा क्रमही ठरलेला असावा. प्रथम आसन, आणि तेही पेडलांच्या मापाने. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. नंतर पाठ टेकवून सुकाणूचक्राचे अंतर पाहावे. एमजी टीसी आणि ई-टाइपसारख्या काही गाड्यांत चक्र मागेपुढे करता येते. हे दोन्ही जुळल्यावरच दांड्याकडे वळावे. हात सर्वांत पुढच्या घरात नेला असता खांदा आसनावरून उचलला जाऊ नये आणि कोपर पूर्ण ताठ होऊ नये. सर्वांत मागच्या घरात आणला असता कोपर आसनाच्या पाठीवर आदळू नये आणि मूठ मांडीला लागू नये. पुढे नेताना बोटांची पेरे फळीवर घासू नयेत. यात कोठे उणे पडले तर आसनाखाली पट्टी घालून उंची बदलणे, पाठीमागे उशी देणे, मूठ अधिक मोठी वा उंच घेणे, आणि शेवटी दुसरा, हवा तसा वाकवलेला दांडा बसवून मूळ दांडा जपून ठेवणे, असे सौम्य उपाय आहेत. उंच मुठीने जोर कमी लागतो आणि प्रवास वाढतो, हा तरफेचा हिशेब आपण पाहिलाच. ज्यांचे मनगट दुखते त्यांना हा सौदा फायद्याचा आहे.

काळ पुढे गेला आहे. १९८९ मध्ये फेरारीने शर्यतीच्या गाडीत सुकाणूचक्रामागेच गिअर बदलणाऱ्या पट्ट्या आणल्या आणि नायजेल मॅन्सेलने ब्राझीलमध्ये तिच्या पहिल्याच शर्यतीत विजय मिळवला. हात चक्रावरून उचलण्याचे कारणच उरले नाही. त्याच वर्षी माझ्दाने जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या परंपरेतील एमएक्स-५ ही छोटी गाडी आणली. ‘जिन्बा इत्ताई’, म्हणजे अश्व आणि स्वार यांची एकरूपता, हे तिचे सूत्र होते आणि तिच्या आखूड, नेमक्या दांड्याचे आजही कौतुक होते. एक वाट दांडा नाहीसा करणारी, दुसरी तो हाताच्या जागी आणणारी. दोन्हींमागचा विचार एकच आहे, की यंत्राने माणसापर्यंत यावे.

शाळेच्या व्यासपीठावरून बोलताना हा विचार मोटारीपुरता ठेवणे मला जमत नाही. आपल्या वर्गातील बाके एकाच मापाची असत. त्यांवर ठेंगणी मुले पाय लोंबकळत बसत, उंच मुले गुडघे आखडून बसत. आणि उजव्या बाजूला लिहिण्याची फळी असलेल्या खुर्चीवर डावखुरा मुलगा अंग पिळून लिही. अक्षर वाईट म्हणून त्याला बोलणी बसत, फळीला कोणी बोल लावत नसे. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आज कारखाने, कचेऱ्या, शाळा आणि दवाखाने चालवत आहेत. तेथे येणाऱ्या प्रत्येकाचा हात निराळा आहे, आणि खुर्ची, खिडकी, पायरी, कळफलक यांची जागा तुम्ही ठरवणार आहात. ती ठरवण्यापूर्वी प्रत्यक्ष माणसाला तेथे बसवून पाहावे आणि त्याचा हात कोठपर्यंत सहज जातो ते मोजावे, एवढीच माझी विनंती आहे.